घट्ट बसवलेली पट्टी : एका बावीस वर्षांच्या गाडीचं प्रकरण

गाडी माझ्या मावशीची. २००२ सालची छोटी पेट्रोल सेडान, एमएच-३१ म्हणजे नागपूर पासिंग, पहिल्यापासून एकाच घरात. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे झालं त्यात कंपनीचा काही हात नव्हता, आणि त्या काळातल्या कुठल्याही गाडीला ते होऊ शकतं. काका गेल्यापासून गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर निघते. एकदा बर्डीच्या बाजारात सामानाला आणि एकदा टेकडी गणपतीला.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. तुकडा नापास झाला की 'का?' हा प्रश्न पाचदा विचारायचा, असं आमच्याकडे शिकवतात. घरी या सवयीची चेष्टा होते, पण या गाडीच्या बाबतीत तीच कामी आली. नाही तर सगळा दोष पुराच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो असतो.

मे २०२४ मध्ये मावशीचा फोन आला. "अरे, गाडी डाव्या बाजूने वाजून राहिली. आणि धुतली की दोन दिवस खालून चहासारखं पाणी गळत राहतं. काय झालं पाहून जा ना."

'डावी बाजू' म्हणजे दोन वस्तू. दारांच्या मध्यावर आडवी चिकटवलेली काळी पट्टी, जिला गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात. आणि दारांखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी प्लास्टिकची लांब स्कर्ट. स्कर्टच्या मागे गाडीचा उंबरठा असतो. पत्र्याचं काम करणारे डेंटर त्याला रनिंग बोर्ड म्हणतात. पत्र्याची ही पोकळ पेटी गाडीच्या सांगाड्याचा भार उचलते. बीडिंग पडली तर गाडी भुंडी दिसते, इतकंच. उंबरठा सडला तर जॅक लावायची सोय राहत नाही आणि बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाचं काही खरं नाही. तपकिरी पाणी स्कर्टखालून येत होतं, म्हणून माझं लक्ष तिथे गेलं.

आधी थोडं मागे जायला हवं. २३ सप्टेंबर २०२३, शनिवारची पहाट. मध्यरात्रीनंतर काही तासांत नागपुरात शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. मावशीचं घर डागा लेआउटमध्ये. सकाळी पाणी ओसरलं तेव्हा गाडीवर चिखलाची रेघ दाराच्या हँडलच्या वीतभर खाली उमटलेली होती. विमा फक्त थर्ड पार्टी, त्यामुळे खर्च सगळा घरचा.

गाडी ओढून एका गॅरेजमध्ये नेली. त्या आठवड्यात शहरातल्या प्रत्येक गॅरेजसमोर अशाच गाड्यांची रांग होती, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं. त्यांनी सीटा काढल्या, गालिचा वाळवला, इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल दोनदा बदललं. गाडी सुरू झाली आणि आजही चालते. ते काम चोख होतं. चूक झाली ती शेवटच्या अर्ध्या तासात. मागचा चिखल धुवायला डावी स्कर्ट ओढली, ती एका टोकाने खाली ओढली, आणि तिला पत्र्यात धरून ठेवणाऱ्या बहुतेक क्लिपा तुटल्या. नवीन क्लिपा कोण शोधणार? मग स्कर्टच्या वरच्या आणि खालच्या कडेला, टोकापासून टोकापर्यंत पारदर्शक सिलिकॉनची जाड वात घातली आणि वरून चार सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारले. उजवी स्कर्ट काढलीच नाही, बाहेरूनच पाण्याचा फवारा मारला. हा आळस पुढे माझ्या फार उपयोगी पडला.

बिलात एकच ओळ होती, 'साइड पट्टी फिटिंग'. पट्टी म्हणजे ही स्कर्टच. मावशीच्या म्हणण्याप्रमाणे गाडी परत आली तेव्हा ती पट्टी पूर्वीपेक्षा जास्त घट्ट आणि नीट दिसत होती. आणि ते खरंच होतं.

पहिला प्रयत्न, आणि माझी चूक

मेच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता मी कामाला बसलो, आधी बीडिंग आणि मग स्कर्ट काढायला. हिशेब साधा वाटला होता. बीडिंग दुहेरी टेपने चिकटलेली असते, टेप गरम झाली की सैल होते, आणि नागपूरचं मे महिन्याचं ऊन फुकट. हीट गन कशाला हवी? लांबून तापमान मोजणारी कारखान्यातली इन्फ्रारेड गन सोबत होती. काळ्या बीडिंगवर तिने ६८ अंश दाखवले. (त्याच आठवड्यात गुरुवारी, ३० मेला, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. सेन्सर बिघडल्याचं पुढे हवामान खात्यानेच सांगितलं. तेव्हापासून मी आमची गनही दोनदा तपासून घेतो. शहराचा मान्य उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. पण तो सावलीतल्या हवेचा. उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या प्लास्टिकचा आकडा फार वरचा असतो.)

पुढच्या दारावर सगळं पुस्तकासारखं झालं. बीडिंगच्या वर-खाली रंगावर मास्किंग टेप लावली, मासे पकडायची नायलॉन दोरी बीडिंगमागे घातली आणि करवतीसारखी मागेपुढे ओढत नेली. टेपचा फोम मधोमध कापला गेला आणि बीडिंग न वाकता हातात आली. ओढून काढली असती तर तिच्या आतली पातळ धातूची पट्टी वाकली असती, आणि एकदा वाकलेली बीडिंग पुन्हा कधी सरळ बसत नाही.

मागच्या दारावर दोरी अर्ध्यावर पोचली आणि रंग निघाला. पाच रुपयांच्या नाण्याएवढा, खालच्या पिवळट लांबीपर्यंत, म्हणजे पुट्टीपर्यंत. मग आठवलं, २०११ मध्ये या दाराला बस घासून गेली होती आणि ते दार बाहेर डुको, म्हणजे फवाऱ्याचा रंग, मारून घेतलं होतं. कंपनीचा रंग भट्टीत पक्का झालेला असतो. बाहेरचा रंग तसा नसतो, आणि लांबीवर बसलेला तर मुळीच नसतो. ६८ अंशांना टेपइतकाच रंगही मऊ झाला होता. ज्या जागी टेपची पकड जास्त, तिथे रंग हरला.

तिथेच थांबायला हवं होतं. मी स्कर्टकडे वळलो. पुढच्या चाकाच्या कमानीत तीन स्क्रू होते. पहिला निघाला, दुसऱ्याचं डोकं पेचकसाने सोलून निघालं. मग खालची एक क्लिप उचकून पाहिली. टक! दोन तुकडे. बाजूची पाहिली, तीही तुटली.

मावशी दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "बाळा, उन्हात माणूसही असाच तुटतो. आत ये, पन्हं केलंय."

थंड डोक्याने विचार केल्यावर क्लिपांचं कोडं उलगडलं. या क्लिपा नायलॉनच्या असतात आणि नायलॉन हवेतलं पाणी शोषतं. साध्या दमट हवेत त्याच्या वजनाच्या अडीच-तीन टक्के पाणी त्यात असतं, आणि त्या पाण्यामुळेच ते चिवट राहतं. पाणी गेलं की तेच नायलॉन ताठ आणि ठिसूळ होतं. मे महिन्यात आपल्याकडची हवा वीस टक्के आर्द्रतेच्याही खाली जाते. त्यात बावीस उन्हाळ्यांनी क्लिप आधीच म्हातारी केलेली. म्हणजे टेपसाठी जी वेळ बरी, तीच क्लिपेसाठी सर्वांत वाईट. उष्णतेने प्लास्टिक मऊ होतं हे अर्धंच खरं, हे मी दोन क्लिपा आणि एक नाणंभर रंग गमावून शिकलो.

काम थांबवलं. निघालेली बीडिंग कपाटात गेली, रंगाच्या जागेवर तात्पुरतं प्रायमरचं बोट फिरवलं, आणि दसऱ्यानंतर पुन्हा हात घालायचं ठरलं. चार महिने पाऊस पिऊन क्लिपा आपोआप चिवट होणार होत्या.

ऑक्टोबर

१३ ऑक्टोबरच्या रविवारी सकाळी सातला सुरुवात केली. दोन रात्री आधीपासून सगळ्या स्क्रूंवर गंज सोडवणारं तेल मारत होतो. या वेळी सोबत एक डेंटर होते. मानेवाड्याकडे त्यांची छोटी शेड आहे, वयाने साठीच्या पुढचे, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मीही तेच म्हणतो.

मेमधल्या सोललेल्या स्क्रूबद्दल त्यांनी पहिल्या मिनिटात सांगितलं, "साहेब, ह्या गाडीले हा पेचकस चालतच नाही." जपानी धर्तीच्या गाड्यांचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्सपेक्षा वेगळ्या मापाचे असतात, जपानी मानकाचे. फिलिप्सची मूळ घडणच अशी की जोर वाढला की टोक खाचेतून वर सरकतं. जपानी फुलीत ते टोक पूर्ण खाली टेकतही नाही, मग डोकं सोललं जाणारच. ओळख सोपी आहे. अशा स्क्रूच्या डोक्यावर बहुतेक वेळा एक बारीक ठिपका असतो. मी बावीस वर्षांत तो ठिपका पाहिला नव्हता. उस्तादांच्या पेचकसाने बाकीचे निमूट निघाले. सोललेल्याचं डोकं ड्रिलने उडवलं.

काढायच्या आधी तीन कामं केली आणि ती कोणी टाळू नयेत. स्कर्टच्या चारही कडांचे फोटो, मोजपट्टी शेजारी धरून. तिच्या दोन्ही टोकांशी पत्र्यावर मास्किंग टेप आणि त्यावर पेनाने रेघ, म्हणजे परत बसवताना ती मागेपुढे सरकली का ते कळतं. आणि थर्माकोलच्या शीटवर गाडीची बाजू रेखाटून जो स्क्रू जिथून निघाला तो तिथेच टोचून ठेवायचा. सगळे स्क्रू एका वाटीत टाकले की संध्याकाळी दोन लांब आणि एक आखूड उरतो, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की दुसऱ्या बाजूचा रंग फोडतो.

क्रम असा की आधी दोन्ही कमानींतले स्क्रू, मग खालच्या बटणासारख्या क्लिपा (मधली खीळ आधी वर काढायची, मग बाहेरचं भांडं), आणि सर्वांत शेवटी वरच्या ओळीच्या क्लिपा. त्या एकेक करून, क्लिपेच्या अगदी शेजारी प्लास्टिकची पाचर घालून, सरळ बाहेरच्या दिशेने. एका टोकाने धरून केळ्यासारखी सोलायची नाही. उजव्या बाजूला सात वरच्या क्लिपांपैकी सहा शाबूत निघाल्या. ओल्या हवेची किमया म्हणा.

डाव्या बाजूला उपटायला क्लिपाच नव्हत्या. चार सेल्फ-टॅपिंग काढले, ते गंजून लाल झाले होते, आणि मग सिलिकॉन. दोरी तिथे चालेना. उस्तादांनी पातळ पोलादी तार दोन लाकडी मुठींना बांधली आणि आम्ही समोरासमोर बसून ती पट्टीमागून आरीसारखी ओढली. दीड तास लागला. मध्ये समोरच्या टपरीवरून तर्री-पोहे आले. सिलिकॉनच्या बोटांनी खाल्ले, दुसरा इलाज नव्हता.

स्कर्ट निघाली तेव्हा तिच्यामागून मुठी-मुठीने काळी माती पडली. नाग नदीची, एक वर्ष वीस दिवसांची. वरचा थर कोरडा, खालचा ओला. पावसाळा संपून दोन आठवडे झाले होते तरी ओला! उंबरठ्याच्या तळाशी पाणी जाण्यासाठी कंपनीने चार भोकं ठेवलेली असतात. ती चारही सिलिकॉनने किंवा चिखलाने बुजलेली. आणि सिलिकॉनच्या वातीबरोबर, जणू कोणी पट्टी ठेवून आखलेली, गंजाची सलग रेघ. मागच्या चाकाजवळ पेचकसाचं टोक टेकवलं, ते आत गेलं. चार बोटं रुंद पत्रा बोटाने चुरडता येत होता.

मग उजवी बाजू उघडली. त्याच पुरातली, त्याच पाण्यात तितकाच वेळ उभी. तिच्या मागेही चिखल होता. पण तो भुसभुशीत कोरडा होता आणि तळाला साचला होता. चारपैकी तीन भोकं उघडी होती. क्लिपांच्या भोकांभोवती वरवरचा तांबूस गंज, तारेच्या ब्रशने पाच मिनिटांत गेला. पत्रा खणखणीत.

एकाच गाडीच्या दोन बाजू, एकच पूर, आणि फरक फक्त बसवण्याच्या पद्धतीत. कारखान्यात असा तुलनेचा नमुना मिळवायला आम्हाला महिने लागतात. पूर निमित्त ठरला, पण पत्रा खाल्ला तो त्या घट्ट बसवलेल्या पट्टीने.

का?

पहिलं कारण वासात आहे. बाथरूमच्या फटींत भरायचं स्वस्त सिलिकॉन घट्ट होताना आंबट वास देतं, व्हिनेगरसारखा. तो वास ॲसिटिक आम्लाचा असतो. काचेवर आणि फरशीवर चालतं, उघड्या पोलादावर तेच आम्ल गंजाचं विरजण लावतं. स्कर्ट ओढताना क्लिपांच्या भोकांच्या कडांचा रंग खरवडला गेला होता, आणि सिलिकॉन नेमकं तिथेच दाबलं गेलं. गाडीच्या पत्र्यावर सीलंट लागलंच तर पॉलियुरेथेनचं किंवा वास न येणारं न्यूट्रल सिलिकॉन घ्यावं लागतं. दुकानात ट्यूबवर वाचायचा कंटाळा आला तर थोडं बोटावर घेऊन हुंगा.

दुसरं, पाण्याची वाट. स्कर्टमागे पाणी जाणारच. पाऊस, धुणं, चाकाने उडवलेलं पाणी, ते कोणी थांबवू शकत नाही, आणि बनवणाऱ्यांनीही थांबवायचा प्रयत्न केलेला नाही. वरून येईल ते खालून निघून जाईल एवढीच व्यवस्था केली आहे. वरची कड सील केली पण सिलिकॉन कुठे ना कुठे सुटलं, पाणी आत गेलं, आणि खालची कड पक्की बंद असल्याने ते तिथेच राहिलं. चिखल म्हणजे ओला बोळा. पाणी धरून ठेवायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते नागपूरचंच आहे. स्कर्ट पॉलिप्रॉपिलीनची असते. मागच्या बाजूला कोरलेल्या अक्षरांत 'पीपी' सापडतं. हे प्लास्टिक तापमानाबरोबर पोलादाच्या पाच-आठ पट जास्त वाढतं आणि आखडतं. आमची स्कर्ट दीड मीटर लांब. जानेवारीची पहाट दहा अंशांची, मेच्या दुपारी पट्टी ६५ ला. या ५५ अंशांत तिच्यामागचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. टाल्कची खनिज पूड मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन पाच-सहा मिलिमीटर वाढतं. म्हणजे दरवर्षी चार-पाच मिलिमीटर पट्टी पत्र्यावरून सरकायला बघते. म्हणून मूळ रचनेत मधली एकच क्लिप गोल भोकात असते आणि दोन्ही बाजूंची भोकं लांबट. पट्टी मध्यावर धरलेली, टोकांना मोकळी.

चार स्क्रूंनी ती मोकळीक काढून घेतली. पट्टी सरकू शकेना, मग ती फुगली. फुगून सिलिकॉनपासून सुटली आणि फट पडली. फटीतून पाणी आत गेलं. स्क्रूभोवतीची भोकं ओढाताणीने लांबट झाली आणि पट्टी वाजायला लागली. मावशीने ऐकलेली खडखड हीच. एका स्क्रूपासून प्लास्टिकला चीरही गेली होती. पाच 'का' पूर्ण झाले.

उस्तादांना हे पटलं नाही. "अन् स्क्रू मारला तर पट्टी उडत नाही ना साहेब. क्लिपा आजच्या उद्या तुटतात." त्यांच्याकडे उडालेल्या पट्ट्यांची तक्रार घेऊन लोक येतात. सडलेल्या उंबरठ्याची तक्रार घेऊन येतात तेव्हा पट्टी कोणी आणि कधी बसवली हे कोणाला आठवत नाही. त्यांच्या बाजूने हे अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच ही पद्धत गल्लोगल्ली टिकून आहे.

पत्रा

हे थोडक्यात सांगतो, कारण हे काम उस्तादांचं. मी मात्र घासकागद हातात घेतला तेव्हा त्यांनी मनगट धरलं. "आधी हे रबर पूर्ण निघू द्या. नाही तर घासून घासून सगळीकडे पसरवाल अन् कलरवर डोळेच डोळे येतील." सिलिकॉनचा अदृश्य थर राहिला की रंग त्या जागी मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. म्हणून आधी प्लास्टिकच्या पात्याने, मग सिलिकॉन काढणाऱ्या द्रावाने, आणि दर पुसण्याला नवीन फडकं. त्यानंतरच घासकागद.

सडलेला भाग चौकोनी कापून काढला. आतली भिंत शाबूत होती, तिथे नशीब. वीस गेजच्या पत्र्याचं ठिगळ कार्बन डायऑक्साइड वेल्डिंगने थांबत-थांबत, टिपके मारून जोडलं. गॅस वेल्डिंग स्वस्त पडलं असतं, पण त्याची धग पसरते, पत्र्याला लाटा येतात आणि आतला रंग जळतो. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली, आतला गालिचा आणि फोम बाजूला केला, बादलीभर पाणी जवळ ठेवलं. मग इपॉक्सी प्रायमर, जोडावर पॉलियुरेथेन सीलंट, रंग. चार भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी केली. रंग वाळल्यावर, आणि मुद्दाम त्यानंतरच, पेटीच्या आत लांब नळीने मेण फवारलं. मेण आधी उडालं तर त्यावर रंग धरत नाही.

परत बसवणं

क्लिपा घाट रोडवर मिळाल्या, पण तिसऱ्या दुकानात. दुकानदार डब्यातून "हीच लागते" म्हणून काढून देतात. पत्र्यातल्या भोकाचं माप व्हर्नियरने घेऊन गेलो होतो म्हणून वाचलो. पहिल्या दोन दुकानांतल्या दिसायला तशाच होत्या, पण एक मिलिमीटरने बारीक. दुसरी गोष्ट पाहायची म्हणजे क्लिपेच्या मानेभोवती फोमचं किंवा रबराचं कडं आहे का. भोकातून पाणी उंबरठ्याच्या आत जाऊ नये म्हणून ते असतं. दोन-तीन रुपये स्वस्त क्लिपेत ते नसतं.

क्लिपा बसवण्याआधी अर्धा तास गरम पाण्यात ठेवल्या. नायलॉन थोडं पाणी पितं आणि भोकात शिरताना पाय मोडत नाहीत. मावशीला वाटलं मी शेंगा उकडतोय.

स्कर्टच्या मागचे क्लिप अडकवायचे दोन कोनाडे तुटले होते. इथे फेविक्विक आणि अराल्डाइट दोन्ही वाया जातात, पॉलिप्रॉपिलीनला ते धरत नाहीत. अक्षरं पुसलेली असतील तर एक छोटा तुकडा पाण्यात टाकून पाहा. टाल्क फार नसेल तर पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं म्हणून तरंगतं, एबीएस हे दुसरं प्लास्टिक बुडतं. तरंगलं तर जोड वितळवूनच करावा लागतो. कबाड्याकडून त्याच जातीच्या बंपरचा तुकडा आणला, त्याच्या काड्या कापल्या, आणि सोल्डरिंग आयर्नने मागून बारीक स्टीलची जाळी दाबत कोनाडे पुन्हा उभे केले. चीरही तशीच शिवली. सुबक नाही झालं, पण मागची बाजू कोण पाहतो?

सेल्फ-टॅपिंगची चार भोकं उंबरठ्यात पत्र्याने बंद केली, स्कर्टमधली तशीच ठेवली. त्यात रबरी टोप्या बसवल्या. आधी सगळं कोरडं लावून पाहिलं, टेपच्या रेघांशी जुळवलं, मग मधली क्लिप, मग तिथून दोन्ही टोकांकडे, तळहाताने 'टप' ऐकू येईपर्यंत. कमानीतले स्क्रू हाताने आवळून पाव फेरा मागे सोडले. उस्तादांनी मान हलवली, बोलले नाहीत.

बीडिंगसाठी ॲक्रिलिक फोमची दुहेरी टेप. जुना फोम रबराच्या चाकाने काढला, दारावरच्या खुणा व्हाइट स्पिरिटने पुसल्या. मागच्या दारावर थिनर लावायची उस्तादांनीच मनाई केली, बाहेरचा डुको उचलला जातो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन शेवटचं पुसणं. ही टेप २१ ते ३८ अंशांत लावावी असं बनवणारेच सांगतात. थंड पत्र्यावर ती पसरत नाही आणि मे महिन्याच्या पत्र्यावर लावलीच तर सरळ रेघ जुळवायला दुसरी संधी देत नाही. ऑक्टोबरची सकाळ नेमकी त्या पट्ट्यात बसते. पट्टीभर जोर देऊन दाबली. या टेपची पकड वीस मिनिटांत निम्मी आणि पूर्ण व्हायला तीन दिवस लागतात. मावशीला तीन दिवस गाडी धुवायची नाही असं सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी सहाला तिने धुतली.

खर्च असा झाला : उस्तादांची मजुरी, पत्रा आणि रंगासह ४,५००. क्लिपा तीस, ३६०. टेप ४५०. प्रायमर आणि सीलंट ६५०. मेण ७००. एकूण ६,६६० रुपये. पुरानंतरच त्या क्लिपा बदलल्या असत्या तर यातले साडेतीनशे-चारशेच लागले असते.

एक वर्षानंतर

स्कर्टच्या पुढच्या टोकाशी आणि मडगार्डच्या कडेत जी फट राहते ती मी फीलर गेजने, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पात्यांनी, मोजत आलो. जानेवारी २०२५, सकाळी साडेसहा : ४.५ मिलिमीटर. मे, दुपारी तीन : २ मिलिमीटर. मागच्या टोकालाही जवळपास तेवढाच फरक. पट्टी दोन्हीकडे सरकते, मध्यावर जागची हलत नाही. आवाज नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये, पावसाळ्याच्या शेवटी, मागच्या कमानीतले स्क्रू आणि टोकाच्या दोन क्लिपा काढून डावी स्कर्ट हातभर उघडली. आत मूठभर कोरडी धूळ, ठिगळावरचा रंग शाबूत, भोकं उघडी. उन्हाळ्यात सकाळच्या वेळी उघडून पाहायचा मोह झाला होता, तो क्लिपांच्या भीतीने आवरला.

मागच्या दाराचं तेवढं राहिलं आहे. नाण्याएवढ्या जागेवर उस्तादांनी रंग जुळवला, पण बाजूचा २०११ चा थर आता कडेने उठतोय आणि बीडिंगखाली एक फुगा दिसतो. ते दार पूर्ण सोलून पुन्हा रंगवावं लागेल. नोंदणीचं नूतनीकरण २०२७ मध्ये आहे, आणि वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे. मी मावशीला दोन्ही खर्च एका कागदावर मांडून दाखवले. तिने कागद घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आणि विचारलं, रंग तोच मिळेल ना, की थोडा वेगळा येईल?